अण्णांची पंचवीस अंकी संख्या

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

मी शुभदा अष्टेकर. सोलापुरात एका शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं. वर्गात साठ-साठ मुलं असायची, आवाज कधी बसला नाही. आज मात्र खुर्चीतून उठता येईना, तेव्हा सुरेखानं हाताला धरून इथवर आणलं. ते तुम्ही पाहिलंत. सुरेखा, बाळ, वडील तुझे गेलेत आणि सावरते आहेस तू मला. खरं तर उलटं व्हायला हवं होतं.

मंडळी, मला भाषण येत नाही. घडलं ते घडलं तसं सांगते. मध्ये थांबले तर समजून घ्या.

सिदाप्पा गावडे, म्हणजे आपले अण्णा, होटगीजवळच्या फाटकावर गेटमन होते. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांना तिथेच पाहिलंय. गाडी यायची वेळ झाली की फाटक बंद करायचं, झेंडा घेऊन उभं राहायचं, गाडी गेली की फाटक उघडायचं. सगळी नोकरी ह्यातच गेली. एका गाडीपासून दुसऱ्या गाडीपर्यंत एक माणूस, एक खोली, एक माठ. बोलायला कुणी नाही.

आणि वह्या.

त्या वह्यांबद्दल गावात काय बोलायचे, ते मी आज स्पष्टच सांगते. राग मानू नका. लोक म्हणायचे, गावडे मटक्याचा आकडा काढतोय. म्हणायचे की नाही? काही जण सायकल फाटकाला टेकवून विचारायला जायचे, "अण्णा, आज काय येतंय?" अण्णा म्हणायचे, "मालगाडी येतीय." लोकांना वाटायचं, सांगत नाहीत. लई पोचलेला माणूस आहे.

अण्णांच्या बायकोला, शांतावहिनींनाही तेच वाटलं. त्या आज नाहीत. त्यांनी एकदा एक वही चुलीत घातली होती, असं मला अण्णांनीच सांगितलं. मी विचारलं, राग नाही आला? तर म्हणाले, "तिला तरी काय बोलणार, बाई? मी काय करतोय ते मलाच सांगता येत नव्हतं." त्या वहीतले सगळे भागाकार त्यांनी पुन्हा केले. पहिल्यापासून.

काय करत होते अण्णा? ऐका. सोपं आहे.

मालगाडीच्या वाघिणीवर, म्हणजे डब्यावर, मोठा नंबर असतो. गाडी हळू जात असली की अण्णा तो वाचायचे आणि मनात भाग लावून बघायचे. ह्याला तीनानं भाग जातो का? सातानं जातो का? दहावीपर्यंत शिकलेला माणूस, गणित आवडायचं, पुढे शिकायला मिळालं नाही. मग एके दिवशी त्यांनी स्वतःच एक खेळ काढला. एक अंक लिहायचा. त्याच्यापुढे दुसरा असा लिहायचा, की त्या दोन अंकी संख्येला दोनानं भाग जावा. मग तिसरा असा, की तिन्ही मिळून तीनानं भाग जावा. चौथ्याला चारानं. पाचव्याला पाचानं. बाकी काही उरायला नको.

तीन घ्या. पुढे सहा. छत्तीस, दोनानं भाग जातो. पुढे शून्य. तीनशे साठ, तीनानं जातो. पुढे आठ. तीन हजार सहाशे आठ, चारानं जातो, नव्वदशे दोन… नाही, नऊशे दोन. बघा, माझंच चुकतंय आज. पुढे पाच. पाचानं जातो.

असं कुठवर जाता येईल? एवढाच प्रश्न. त्यांना तो कुणी घातला नव्हता. कुणी परीक्षा घेणार नव्हतं. पण प्रश्न पडला आणि माणूस त्याच्या मागे निघाला.

दहा अंकांपर्यंत काही अडचण येत नाही. प्रत्येक संख्येला पुढे जायला जागा मिळतेच. त्यामुळे यादी वाढतच जाते. नऊ अंकांच्या अशा दोन हजार चारशे ब्याण्णव संख्या आहेत. दहा अंकांच्याही तितक्याच. अण्णांनी त्या सगळ्या लिहिल्या. हातानं. अकरापासून मात्र काही संख्या अडतात. शून्यापासून नवापर्यंत कुठलाही अंक लावा, भाग जात नाही. तिथे अण्णा तांबड्या पेननं आडवी रेघ मारायचे. तेरा अंक, चौदा अंक, पंधरा अंक. पानापानावर रेघा वाढत गेल्या आणि यादी आटत गेली. चौदाव्या अंकावर असताना शांतावहिनी गेल्या. तेव्हा सहा महिने त्यांनी वही उघडली नाही. मग पुन्हा उघडली. घरात तरी दुसरं काय होतं, म्हणाले. सुरेखा सासरी, आणि घरात हे एकटेच.

वीस अंकांवर चव्वेचाळीस संख्या उरतात. बावीसवर बारा. तेवीसवर सहा. चोवीसवर तीन. पंचवीस अंकांवर फक्त एक.

ती मला पाठ आहे. म्हणू का? तीन सहा शून्य आठ पाच, दोन आठ आठ पाच शून्य, तीन सहा आठ चार शून्य, शून्य सात आठ सहा शून्य, तीन सहा सात दोन पाच.

एवढीच. आणि हिच्यापुढे काहीही लावा, सव्विसानं भाग जात नाही. शून्य लावलं तर बारा उरतात. सव्वीस भरायला आणखी चौदा हवेत, आणि एका घरात नवाच्या पुढे अंक बसत नाही. संपलं.

आठ वर्षांपूर्वी अण्णा माझ्या शाळेत आले. मधली सुट्टी होती. शिपायाला वाटलं, कुणाचे तरी पालक आलेत. खांद्याला पिशवी, पायात धुळीच्या चपला. शिक्षकांच्या खोलीत दाराशीच उभे राहिले. म्हणाले, "गणिताच्या बाई कोन हायेत?"

मी म्हटलं, "मीच. बसा ना."

बसले नाहीत. पिशवीतून वही काढली, शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "बाई, येवडं तपासून द्या की. वीस हजाराच्या वर भागाकार केलेत. एक जरी चुकला आसंल, तर एकादी संख्या मधेच मेली आसंल. ती जगली आसती तर सव्वीसपतुर गेली आसती. मला दुसरं कुनी विचारायला न्हाय."

मी डबा बाजूला ठेवला. सुट्टी संपल्याची घंटा झाली, ती ऐकूच आली नाही. तेहतीस वर्षं मी मुलांना भागाकार शिकवला. भागाकारावर असा जीव टाकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आणि आता, मंडळी, ते सांगते, जे सांगायला मी आज उभी राहिले.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आले, चहा ठेवला आणि संगणक लावला. ते पंचवीस अंक तसेच्या तसे टाकले. ती संख्या तिथे होती. तीच. तिच्यावर लिहिलेलं होतं. यंत्रानं ती कधीच काढलेली होती, आणि सव्वीस अंकांची अशी संख्या नाही, हेही स्वच्छ लिहिलेलं होतं. यंत्राला त्यासाठी डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. अण्णांना सोळा वर्षं लागली होती.

म्हणजे अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर त्या संध्याकाळी माझ्या हातात होतं. तुमची संख्या बरोबर आहे, सव्वीसपर्यंत जाणारी कुठली मध्ये मेली नाही, आता निवांत बसा. एवढं एक वाक्य.

मी ते बोलले नाही.

आधी वाटलं, त्यांना वाईट वाटेल. सोळा वर्षांचं काम कुणीतरी आधीच करून ठेवलंय म्हटल्यावर माणूस खचेल. हे कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस देत राहिले. पण ते खरं कारण नव्हतं.

अण्णांची सुट्टी गुरुवारी असायची. ते पॅसेंजरनं सोलापूरला यायचे, स्टेशनवरून चालत रेल्वे लाइन्स भागात माझ्या घरी. चार वाजता. आम्ही नऊ अंकांच्या संख्यांपासून सगळं परत तपासायला घेतलं होतं. ते वाचायचे, मी भाग द्यायची. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. निवृत्त बाईच्या घरी कोण येतं? मी लग्न केलं नाही. भाऊ पुण्याला, तो सणाला फोन करतो. पेपरवाला पेपर दारातून टाकून जातो. सोमवारी बोललेल्या माणसानंतर थेट गुरुवारीच कुणाशी बोलायचं, असे माझे आठवडे होते. गुरुवारी चारला बेल वाजायची. अण्णा आत यायचे, शेंगा चटणीची पुडी ओट्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हां, कुटं हुतो आपन?"

आता सांगा, मी कशी सांगणार होते, की अण्णा, हे संपलेलं आहे?

सांगितलं नाही. तीन वर्षं.

आणि ती तीन वर्षं अण्णा धसका घेऊन काम करत होते. ते म्हणायचे, "बाई, जेवाय बसलो तरी डोस्क्यात त्येच. सतराव्या अंकाला चूक आसंल का?" मी मान हलवायची. म्हणायची, बघू या ना. मला उत्तर माहीत होतं आणि मी म्हणत होते, बघू या.

मग एका गुरुवारी ते फुलस्केप कागद घेऊन आले. सगळी रीत, शेवटच्या सगळ्या याद्या, सुंदर अक्षरात उतरवून काढलेल्या. म्हणाले, "इंग्रजीत दोन वळी लिवून द्या. विद्यापीठाला धाडतो. आपल्या दोघांकडनं चूक सुटली आसंल तर ती मान्सं सांगतील की."

कागदावर खाली दोन नावं होती. सिदाप्पा गावडे आणि शुभदा अष्टेकर.

मी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. म्हटलं, "अण्णा, ही संख्या सापडलेली आहे."

"कुनाला?"

"लोकांना. आधीच. यंत्रावर."

"हीच? आपलीच?"

"हीच. पुढे नाही, हेही त्यांनी काढलंय."

ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "तुम्ही शाळेत आलात, त्याच दिवशी."

अण्णा उरलेला चहा प्यायले. कप विसळून पालथा घातला, दर वेळी घालायचे तसा. चपला घातल्या आणि गेले. वह्यांची पिशवी तिथेच राहिली.

पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. पाच गुरुवार. मी चार वाजता दार उघडं ठेवून बसायची. जिन्यावर पाऊल वाजलं की उठायची. वरच्या मजल्यावरचं कुणी असायचं.

सहाव्या आठवड्यात मी पिशवी घेतली आणि होटगीला गेले. सुरेखा, तू माहेरी आली होतीस, तूच दार उघडलंस. मला म्हणालीस, "शाळेतनं आलाय का?" आठवतं? मी हो म्हटलं. अण्णा मागच्या अंगणात शेळीला पाला टाकत होते. मला बघून हात धुतले, कट्ट्यावर पोतं अंथरलं. "बसा."

मी बसले. म्हटलं, "चुकले मी."

त्यांनी शेळीचं दावं सैल केलं. मग जे बोलले, ते मी शब्दाला शब्द सांगते. माझ्या मनात ते दुसऱ्या शब्दांत येतच नाही.

म्हणाले, "बाई, दुसऱ्याला आदी गावली ह्याचं मला वाईट वाटलं न्हाय. खरं सांगतो. बरं वाटलं. लई वर्सं वाटायचं, माजंच डोस्कं फिरलंय. गावाला तसंच वाटत हुतं, बायकूला तसंच वाटत हुतं. आन कुटं तरी दुसरी मान्सं हीच संख्या धुंडत बसली हुती की! त्यास्नी बी हीच गावली. म्हंजे मी येडा न्हवतो. हे मला तीन वर्सं आदी कळलं आसतं, बाई. तुमी माज्या शेजारी बसून मला एकट्यालाच चालाय लावलंत."

मी फक्त खरं कारण सांगितलं. म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही यायचे थांबला असता. माझ्याकडे दुसरं कुणी येत नाही, अण्णा."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा, त्या दिवशी. म्हणाले, "मग तसं सांगायचं की. मी काय आकड्यापायीच येत हुतो व्हय?"

मी रडले. कट्ट्यावर बसून, शेळीसमोर. अण्णा आत जाऊन पाणी घेऊन आले.

पुढच्या गुरुवारी चारला बेल वाजली. म्हणाले, "ऱ्हायलंय ते पुरं करू. आता धसका न्हाय, आता मजेत करू." मग आम्ही मजेत केलं. दोन चुका सापडल्या. दोन्ही संख्या पुढे तीन-चार अंकांतच अडल्या, काही बिघडलं नाही. शेवटच्या दिवशी ते मोठ्यानं मोजत होते. चव्वेचाळीस. अठरा. बारा. सहा. तीन. एक. आणि दोघंही हसत सुटलो. दोन म्हातारी माणसं, समोर ती वही, आणि कशाला हसतोय ते दुसऱ्या कुणाला सांगताही आलं नसतं.

त्यानंतरही ते येत राहिले. त्यांची नोकरी संपली, गुडघे दुखायला लागले, तरी येत राहिले. वही नसायची. ते त्यांच्या आईचं सांगायचे. मेंढरांमागे चालताना ती पोराला बोटांवर पाढे म्हणायला लावायची. तिला स्वतःला येत नसत. पोरगा चुकला तरी तिला कळायचं नाही, म्हणून त्यानं कधी चुकवले नाहीत. मी माझ्या वडिलांचं सांगायची. कधी कधी तास-तासभर आम्ही काहीच बोलायचो नाही. घरात आणखी एक माणूस श्वास घेतोय, एवढं पुरायचं.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी ते आले नाहीत. मी साडेपाचला फोन केला. बंद होता. वाटलं, चार्ज केला नसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. सुरेखानं उचलला. म्हणाली, "बाई, अण्णा मंगळवारी गेले."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. मी बाजारातून येताना त्यांच्यासाठी बिनसाखरेची बिस्किटं आणली होती. इकडे सगळं होऊनही गेलं होतं.

सुरेखा, तू त्याबद्दल दोनदा माफी मागितलीस. मागू नकोस. माणूस गेलं की कुणाकुणाला कळवायचं, हे घरात ठरलेलं असतं. भाऊबंद, सोयरे, ऑफिसची माणसं, शेजारीपाजारी. मी ह्यातली कोणीच नाही. तू मला कुठे शोधणार होतीस?

तेराव्याला मी इथे होटगीला आले होते. बायकांमध्ये मागे भिंतीशी बसले. सांगोल्याकडच्या एक आजी शेजारी होत्या. आज त्या इथे आहेत की नाही, मला दिसत नाही. त्यांनी मला विचारलं, "तुमी कोन सिदाच्या?"

मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, "ओळखीची." आणि जेवण न करता निघाले. पॅसेंजरमध्ये बसल्यावर लाज वाटली. ज्या माणसाशी मी एकदा तीन वर्षं गप्प राहून खोटं वागले, त्याच्याच तेराव्याला त्याच्याच अंगणात बसून पुन्हा तेच केलं.

म्हणून सुरेखाला मी स्वतः फोन करून म्हटलं, की मला बोलायचं आहे.

आजी, तुम्ही असाल तर ऐका. नसाल तर कुणीतरी त्यांना जाऊन सांगा. मी सिदाप्पा गावड्यांची मैत्रीण होते. माझ्या वयाच्या बायका हा शब्द पुरुषाबद्दल वापरत नाहीत. मीही कधी वापरला नव्हता. त्यांच्यासमोरसुद्धा नाही. दुसरा शब्द मी पुष्कळ शोधला. हाच बरोबर आहे.

आता आपण सगळे उभे राहू. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून राहावं, अण्णांनी तेच सांगितलं असतं. मी घड्याळ लावत नाही. ते फाटकावर दिवसचे दिवस गप्प बसून असायचे, त्यातलं थोडंसं आज आपण त्यांच्यासोबत गप्प राहू. सुरेखा पुढे येऊन फोटोला हार घालील, तोवर कुणी बोलू नका.

अण्णा, तुमची मैत्रीण तुम्हाला नमस्कार करते आहे.